आईचा गळा

हॅलो?

हॅलो… हो, ममताच बोलतेय. कोण?… अगं हंसा, तू होय. जरा मोठ्यानं बोल, लाइनीत खरखर आहे… हं, आता येतंय.

नाही गं, झोपले नव्हते. दुपारची झोप सुटली माझी… खरंच सुटली. पाणी भरतेय. दोन दिवसांनी नळ आलाय, सगळी बिल्डिंग जागी आहे… थांब हं एक मिनिट. भाभी, ओ भाभी, मेरी बाल्टी भर गयी तो आप अपनी लगा दो… हां, बहन का फोन है, उरण से… हो, बोल आता. ती वरची गुजराती भाभी. केम छो विचारतेय तुला.

काय?… रुचिताचं ठरलं?

अगं बाई.

आणि हे आत्ता सांगतेस?… बरं बरं, पहिला फोन मलाच केलास, मानलं. मुलगा कुठला?… पनवेलकडचा. करतो काय?… बंदरात क्रेन चालवतो. चांगलं आहे की, उंचावर बसून काम, खालून कुणी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. संसाराला बरा आहे… आणि ती काय म्हणते?… दिवसभर मोबाइल कानाला? मग तिला विचारायलाच नको.

नाही, रडत नाहीये… थोडंसं. आनंदाचंच आहे गं. एवढीशी होती, माझ्या पायांवर घालून न्हाऊ घातलंय तिला. आई असती तर एव्हाना नवऱ्यामुलाच्या सगळ्या मावश्या-आत्या मोजून झाल्या असत्या तिच्या.

हं…

हं, ऐकतेय.

वैशाखात. म्हणजे लांब नाही मग. हळद अंगणातच ना?… मांडव मोठा घाला हं. आपल्या गोडदेव गावची सगळी येतील, एक टेंपो तर नुसता बायकांचा होईल… मी आधीच येते. तांदूळ निवडायला, हळकुंडं कुटायला, तुझ्याशी भांडायला, सगळ्याला येते.

…

गायचं म्हणतेस.

ते आपण नंतर बोलू, हंसा. आधी सांग, साड्या कुठून घेणार? इथे पश्चिमेला स्टेशनसमोर एकानं नवीन दुकान… अगं नाही टाळत.

बरं, टाळतेय.

ऐक ना. तुमच्याकडे कुणी धवलारीण नाही का, हळदीचे धवले म्हणायला?… एक आहे आणि तिला दम लागतो. मग शेजारच्या गावातली?… का नको? चांगली गाते की ती… व्याह्यांना काय सांगून बसलीस तू?

की गोडदेवच्या धवलारणीची नात आहे. हळद मोठी मावशी लावणार, आणि आजीच्याच आवाजात धवला होणार.

असं सांगितलंस.

नाही, रागावले नाही. तुझं काय चुकलं त्यात? तू आईच्या वर्षश्राद्धाला आली होतीस तेव्हा थोडा होता अजून… तो आवाज, गं. तो आता नाही माझ्याकडे.

नाही म्हणजे गेला. तू आत्ता ऐकतेयस ना मला? कसा वाटतो?… बारीक. हो. लाइनीमुळे नाही, हाच आहे. माझा मूळचा. आई ज्याला चिमणीचा गळा म्हणायची, तो.

सर्दी नाही. काढा पण नको. पानात ज्येष्ठमध घालून चघळून झालं, हंसा, तुला काय वाटतं, मी काही केलं नसेल?… ते गोळ्यांमुळे झालं. म्हणजे गोळ्यांनी बरं झालं आणि… कसं सांगू तुला. तुला मी तेव्हा नीट सांगितलंच नाही. रक्तात काहीतरी कमी आहे एवढंच म्हटलं होतं.

थायरॉइड. हो, तेच, टीव्हीवर सांगतात ते. गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, फुलपाखरासारखी. तिच्यातून रस झिरपतो आणि त्या रसावर सगळं अंग चालतं. झोप, भूक, केस, पाळी, मनाची उभारी, सगळं. माझी झिरपायचीच थांबली होती. उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी तळाला गेली होती. त्यानं अंगावर सूज येते, आणि तशीच गळ्यातही आतून येते. आवाज जाड होतो. खाली जातो.

म्हणून झाला होता तो.

हो. तेवढंच होतं ते.

गावातल्या दशरथच्या मुलाच्या हळदीची गोष्ट मला सांगतेस? मीच तर गात होते… मला आठवत नाही का? आईला खोकला होता. तिनं मला कोपरानं ढोसलं, म्हटलं, तू घे. मी घाबरत घाबरत घेतला. ‘खाडीला भरती आली गो, बांध भिजला सारा… आयचे डोल्यांना लागला हलदीचा वारा…’ आणि तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतंच. खोल, जड, जुनं. रांजणात वाकून बोलावं तसं. बेंजोवाले वाजवायचे थांबले. काशीनाथमामा, एवढा बापासारखा माणूस, उठून माझ्या पाया पडला. मी मागे सरायला लागले तर आईनं धरून ठेवलं मला. मग परातीतली हळद बोटांवर घेतली आणि सगळ्या मांडवासमोर माझ्या गळ्याला लावली. म्हणाली, ‘उतरला गो. माझा गला उतरला लेकीत.’

किती वर्षं वाट बघत होती ती. तिला मुलगा नाही याचं कधी वाईट वाटलं नाही, पण धवले आपल्याबरोबर जाणार याचं वाटायचं. मला सगळे पाठ होते, फक्त आवाज चिमणीचा. मांडवातल्या पहिल्या रांगेच्या पलीकडे जायचा नाही. आणि एकदम असा झाला. कुणाला शंका येणार, हंसा? देवीनं दिलं म्हणतात, तसंच वाटलं सगळ्यांना. मला पण.

बाकीचं? बाकीचं होतंच ना बरोबर. मेच्या उन्हात स्वेटर घालून बसायचे मी. भाकरी थापता थापता डोळा लागायचा. कंगव्यात केसांचा पुंजका. चेहरा असा सुजला की भाजीवाला पण विचारायचा, ताई, गावाला जाऊन आलात का, तब्येत सुधारली. मी आईला सांगायचे, आई, मला कसंतरीच होतं गं. दिवसभर खाडीच्या गाळात चालल्यासारखं होतं. तर ती मला जवळ घ्यायची. म्हणायची, ‘गला उतरताना आंग जड होतं, बाय. मना पन आसाच झाल्ता.’ मला पण असंच झालं होतं. अशीच थंडी, अशीच झोप. म्हणजे आणखीनच खात्री. मी दुखणं सांगत होते आणि ती खुणा पटवत होती.

हे म्हणायचे डॉक्टरकडे जाऊ. आम्ही दोघी त्यांना हसायचो. पुरुषाला काय कळतंय म्हणून.

मग मी ओळी विसरायला लागले. लग्नालग्नातून बोलावणी यायची आणि ऐन मांडवात पुढचा शब्दच यायचा नाही. समोर पाटी कोरी. आई हळूच मागून पुरवायची. आवाज आलाय, शब्द येतील मागून, म्हणायची. ते यायच्या आधी तीच…

हो. तू पोचलीस तोवर तिला खाली काढून ठेवलं होतं… मी रडले नाही म्हणून तू बोलली होतीस मला. आठवतं मला. तुझी चूक नाही गं, कुणालाही तसंच वाटेल. पण खरंच सांगते, मला येतच नव्हतं. जिवाभावाचं माणूस गेलंय हे कळत होतं, पण ते माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. भिंतीपलीकडे कुणीतरी रडतंय आणि आपण अंथरुणात आहोत, तसं. तो दिवस मला धड आठवत नाही, हंसा. आईचा शेवटचा दिवस.

थांब… थांब जरा. पदर… हं. बोल.

नाही, मग काय. रेशनच्या रांगेत पडले मी. यांनी उचलून रिक्षात घातलं आणि पश्चिमेला त्या बाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई. त्यांनी नाव विचारलं. मी नुसतं नाव सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘आवाज असा कधीपासून आहे तुमचा?’

मी त्या अवस्थेत पण ताठ बसले बघ. म्हटलं, ‘हा माझ्या आईचा आहे.’

हसल्या नाहीत त्या. उठून मागे आल्या आणि दोन्ही हातांनी माझा गळा चाचपला. जिथे आईनं हळद लावली होती ना, नेमका तिथेच. रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून म्हणाल्या, तुम्ही इतके दिवस चालत्याफिरत्या राहिलात कशा.

…

हो, आता बरी आहे. खरंच बरी आहे. पांढरी बारीक गोळी, सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. तिच्यावर तासभर चहा नाही… तेच तर. मला अंथरुणात चहा लागायचा तुला माहीत आहे ना. पहिले काही दिवस त्या चहासाठीच रडले. मग तो तास कसा काढायचा म्हणून चालायला जायला लागले. भाभी पण येते. मिठागराच्या बांधावरून खाडीच्या टोकापर्यंत जातो. ती वजनासाठी येते आणि येताना मला ठेपला खायला घालते. मी म्हणते, भाभी, आपका वजन मुझे मत दो… हो, गंमतच आहे.

मीठसुद्धा पाकिटातलं. बाबा मिठागरावरून पोत्यानं आणायचे ते खडा मीठ घरात होतंच अजून, बरणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिठाचा दोष नाही, पण पाकिटातलं आयोडीनवालं वापरा. ती बरणी मी टाकली नाही, माळ्यावर आहे. रात्री वेळेवर झोपते. सुकं बोंबील, पापड, तळण, सगळं बेतानं. सूज उतरली. केस येतायत, कपाळाशी बारीक बारीक, बाळाच्या जावळासारखे. पाळी नीट झाली. थंडी पळाली. आणि रडू यायला लागलं. तू हसशील, पण एक दिवस बांधावर बगळा बसलेला बघितला आणि आईसाठी रडायला लागले. ती जाऊन कितीतरी महिने झाल्यावर. भाभी घाबरली. म्हणाली, अभी क्या हुआ? मी काय सांगू, आत्ता माझी आई गेली म्हणून?

आणि मग आवाज.

हळूहळू गेला तो. मला कळलंच नाही. एक दिवस मावरंवाली मासळी घेऊन खालून हाक मारत होती, मी गॅलरीतून ओरडले, थांब गो, येते. आणि ऐकलं मी स्वतःला. चिमणी. पाटीभर मावरं तसंच राहिलं, मी गॅलरीत खाली बसले. माणसं म्हणतायत, ममता, किती छान दिसतेस आता, बरी झालीस. आणि मला वाटत होतं, मी एकेक गोळी गिळतेय आणि आई एकेक पाऊल जातेय. दुसऱ्यांदा. आणि या वेळी मीच घालवतेय.

…

हंसा?… आहेस ना?

काय म्हणालीस?

परत बोल… लग्नापुरत्या. लग्नापुरत्या गोळ्या बंद ठेव.

…

नाही, ऐकू आलं मला. तू काही वाईट मनानं म्हणत नाहीयेस, कळतंय. लेकीची हळद आहे, आईचा आवाज हवा वाटणारच… माझ्या मनात आलं नसेल, असं वाटतं तुला? सकाळी गोळी तळहातावर घेऊन मी किती वेळ उभी असते ते यांना विचार. पण नाही, हंसा. नाही बंद करणार.

सगळी औषधं सारखी नसतात. ही सोडली की ते सगळं परत येतं, नुसता आवाज वेगळा काढून देत नाही कुणी. सूज पण येते. ती झोप पण येते. आणि… आणि काळजाला पण होतं गं त्यानं.

कुणी सांगितलं म्हणजे? डॉक्टरीणबाईंनी.

…

एक सांगायचं राहिलंय तुला. मी ठरवलं होतं सांगायचंच नाही म्हणून. बसलीयेस का तू?… बस.

त्यांनी मला विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का असं, हे रक्तातून येतं. मी म्हटलं नाही. मग म्हणाल्या, आई कशानं गेल्या? मी म्हटलं, झोपेत, हार्ट. कशा दिसायच्या? मी सांगायला लागले. आणि सांगता सांगता माझीच जीभ जड झाली, हंसा. वैशाखात शाल. पापण्या सुजलेल्या. भुवया निम्म्याच, बाहेरची टोकं गळालेली. चालणं संथ. बोलणं संथ. पुढच्या खेपेला मी फोटो घेऊन गेले, त्याच हळदीतला, आई माझ्या गळ्याला हात लावतेय तो. त्यांनी तो खूप वेळ हातात धरला. म्हणाल्या, फोटोवरून मी काही ठामपणे सांगू शकत नाही. पण यांचं रक्त तपासायला हवं होतं.

हो. तीच गोळी. बारीक पांढरी.

…

…

अगं नाही. हंसे, नाही. असं नाही म्हणत मी. आईचं गाणं म्हणजे दुखणं होतं असं कोण म्हणतंय?… ऐक ना… मला बोलू तर दे. शब्द तिचे होते. चाल तिची होती. कुठे थांबायचं, कुणाच्या आईकडे बघून कुठली ओळ धरायची, ते सगळं तिचं होतं. फक्त तो खालचा सूर… तो दुखण्यानं दिला असेल. असेल म्हणते मी. काशीनाथमामाला विचारलं होतं मी, आई पहिल्यापासून अशीच गायची का. तो म्हणाला, छे, पोरवयात बारीक होता तिचा आवाज. हंसा झाली त्यानंतर बसला. खाली उतरला तो उतरलाच, आणि मग देवीचा म्हणून मान मिळाला.

तुझ्यामुळे नाही गं. वेडी आहेस का? बाळंतपणानंतर होतं असं कुणाकुणाला, त्यात बाळाचं काय? तू एवढीशी टोपल्यात. मी चार वर्षांची, मला आठवायला हवा होता तिचा आधीचा आवाज. नाही आठवत. खूप आठवून बघितला. आपण आईचा खरा आवाज ऐकलाच नाही, हंसा. गाव ज्याच्या पाया पडत होता तो वेगळाच कुणीतरी होता. आणि ती सुजलेली, कुडकुडणारी त्याच्यामागे बसून होती, एकटी.

रडू दे. रडून घे. मी आहे फोनवर.

…

नाही, कुठे रेकॉर्ड आहे? कॅसेट नाही कुठली. दशरथकडची व्हिडिओची सीडी मी आणून बघितली. त्यात आई दिसते, तोंड हलतं, ऐकू येतो फक्त बेंजो.

हो ना. मेला कॅमेरावाला बेंजोजवळच उभा होता.

हं…

हं… काय?

तू म्हणणार? धवला?

तूच म्हणणार म्हणतेस… नाही, जमेल की, तुला पण पाठ आहेत अर्धे. पण तू कधी… कोण म्हणालं? काशीनाथमामा? तो कशाला आला होता तुमच्याकडे?… तारीख घेऊन. बरं. मग?

तू आतून विचारलंस, मामा, चहात साखर घालू ना. आणि तो दारातच थांबला. भिंतीला धरून.

काय म्हणाला?

…

बायो आली काय, म्हणाला. आईलाच बायो म्हणायचा तो.

हंसा, तुझा घसा कधीपासून बसलाय?… बसला नाहीये. म्हणजे दुखत नाही. मग कधीपासून आहे हा असा? मला वाटलं लाइन… मी इतका वेळ त्या लाइनीला नावं ठेवतेय… दिवाळीपासून.

नाही, आनंद आहे ना. मला कळतंय गं, आनंद का झालाय ते. आईनं माझ्या गळ्याला हळद लावली तेव्हा तू उठून भांड्यांकडे निघून गेली होतीस. मी बघितलं होतं. तुला वाटलं असेल ताईचं लक्ष नाही… हो. तुला पण हवा होता. आणि आता आलाय.

ऐक. मी विचारते त्याची नुसती उत्तरं दे. थंडी वाजते का?… पंखा बंद करून झोपतेस. या दिवसांत. केस?… ते सगळ्यांचेच जातात असं नाही. वजन?… लग्नघरात खाणं होतं, मान्य, पण ठरलं तर आत्ता ना. झोप?… अगं दमणूक अशी नसते. पाळी?… बरं. ओळी म्हणताना शब्द अडतात का? मधेच?

हंसे. बोल ना.

अडतात.

…

उद्या सकाळी जाऊन रक्त दे. उरणला लॅब आहे ना बाजारात?… नाही, लग्न झाल्यावर नाही. आई पण असंच म्हणायची. एवढी लग्नं होऊ दे, मग बघू. एवढा वैशाख जाऊ दे. ते नाही चालायचं.

काय होईल म्हणजे? झालं तर गोळी खाशील माझ्यासारखी, चालशील, पोरीच्या पोरांना खेळवशील.

हो. जाईल. हळूहळू जाईल, खोटं कशाला सांगू. तुझ्यातून पण जाईल तो.

…

मग आई कुठे राहील, विचारतेस?

काय सांगू मी तुला?… कुठेच नाही, बाय. आपल्याला पाठ आहे तेवढी राहील.

राहू दे तो तसाच, असं नको म्हणूस. आजचा दिवस पण नको. तुझी रुचिता उद्या माझ्यासारखी भरल्या घरात न रडता बसली तर?… बघ. मग? ती पण अशीच फोनवर आईचा आवाज शोधत बसेल कुणाच्या तरी गळ्यात. मला एक गेली तेवढी पुरे, हंसा. मला तू हवीयेस. कुठल्याही आवाजात.

बरं, असं कर. मी गाते. हळदीला मी गाते, या असल्या गळ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न गाळता. पहिल्या रांगेच्या पलीकडे नाही जायचा, नाही तर नाही. बायका पुढे सरकून बसतील. व्याह्यांना सांग, आजीचा नाही, मावशीचा आवाज आहे. हसले तर हसू देत. पण त्याच्या बदल्यात तू उद्या रक्त द्यायचंस… शपथ नको, नुसतं हो म्हण.

मोठ्यानं म्हण.

हं.

रिपोर्ट आला की फोन कर. मी येते, डॉक्टरीणबाईंना दाखवू… हो, इथेच ये, चार दिवस राहा. चहाशिवाय सकाळ कशी काढायची ते शिकवते तुला.

बरं, ठेव मग…

हंसा? हंसा, ठेवू नकोस. एक मिनिट. आहेस?

काही नाही… बोल ना थोडं. काहीही बोल… असं नाही. म्हण ना एखादी ओळ. आईची. नवरीला पाटावर बसवतात तेव्हाची… हो, आत्ता. कोण आहे तिथे? कुणी नाही ना. मग म्हण. मी ऐकते फक्त.

भाभी, नल बंद कर दो… हां, बंद. आवाज आता है पानी का.

हं. म्हण.

…

…

‘सांडलं’. मिठाच्या राशीवर चांदणं सांडलं… हं. पुढे.

…

मायनं लेकीला… हो, बरोबर. थांबू नकोस.

…

…

अजून एकदा.

…

हो. हो, तीच. अगदी तीच.

…

नाही, काही नाही झालं. ऐकतेय. म्हण तू.

…

…

पुरे आता. पुरे, हंसा, दमशील… ठेव. पोरीला जवळ घे माझ्याकडून. आणि सकाळी काही न खाता जा हं. चहा पण नको.

ठेवते.